उद्याचा पाऊस चुकतो, मग २०५० चं कसं काय सांगतात? हवामान बदलाचं 'मॉडेल' म्हणजे नेमकं काय

पनवेल : जून महिना. राब टाकून झालेला, रोपं वीतभर वर आलेली. मोबाईलवर मेसेज येतो, 'रायगड जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट'. नेरे, वावंजे, मालडुंगे पट्ट्यातला शेतकरी आभाळाकडे बघतो तर लख्ख ऊन. संध्याकाळी त्याच मोबाईलवर दुसरी बातमी, या शतकाच्या अखेरीस तापमान इतकं वाढणार, समुद्र इतका वर येणार. मग नाक्यावर हमखास कोणीतरी म्हणतं, "ह्यांना उद्याचं सांगता येत नाय, आणि म्हणे पन्नास-साठ वर्षांनंतरचं सांगणार!"

प्रश्न रास्त आहे. त्याला हसून सोडून देण्यासारखं त्यात काही नाही. पण हे दोन अंदाज एका जातीचे नाहीत.

किनाऱ्यावर उभं राहिलं की पुढची लाट नेमकी कुठपर्यंत येईल हे कोणी सांगू शकत नाही. भरती किती वाजता लागेल हे मात्र खाडीकाठची जुनी माणसं तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. लाट वाऱ्याच्या लहरीवर असते, भरती चंद्र-सूर्याच्या ओढीवर. म्हणून एक सांगता येत नाही आणि दुसरी सांगता येते. उद्या दुपारी वावंज्यात पाऊस पडेल का, हा लाटेचा प्रश्न. येत्या तीस वर्षांत पावसाळ्याची तऱ्हा कशी बदलेल, हा भरतीचा.

रोजचा अंदाज आजच्या स्थितीवरून काढतात : आज वारा कुठला, बाष्प किती, दाब किती. या मोजमापात थोडी जरी चूक असली तरी ती दिवसागणिक वाढत जाते आणि साधारण दोन आठवड्यांपुढे 'अमुक दिवशी पाऊस' असं सांगण्यात अर्थ उरत नाही. शतकाच्या अंदाजाला आजचा वारा लागतच नाही. सूर्याची किती उष्णता पृथ्वीवर येते आणि त्यातली किती परत बाहेर जाते, हा हिशोब त्याला लागतो.

गोधडी जाड झाली

दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता आकाशात सोडते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ त्यातली काही अडवून धरतात, अंगावरच्या गोधडीसारखी. गोधडी नसती तर पृथ्वी गोठली असती, तेव्हा ती मुळात वाईट नाही. अडचण तिच्या जाडीची आहे. कारखाने येण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून त्याचं रोज मोजमाप चालू आहे. तेव्हा आकडा ३१५ च्या आसपास होता, आता तो ४२० च्या वर गेला आहे. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून माणसाने ही भर घातली.

हे काही काल-परवाचं ज्ञान नाही. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हाताने आकडेमोड करून कार्बन वाढला तर पृथ्वी तापेल हे दाखवलं होतं. पुढे अमेरिकेत काम करणारे जपानी शास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे यांनी सहकाऱ्यासह १९६७ मध्ये संगणकावर हिशोब मांडला. कार्बन दुप्पट झाला तर तापमान दोनेक अंशांनी वाढेल, असं उत्तर आलं. सोबत एक विचित्र वाटणारी गोष्टही निघाली : जमिनीजवळची हवा तापेल, पण फार उंचावरची हवा उलट थंड होईल. सूर्य जास्त तापल्यामुळे हे होत असतं तर वरची आणि खालची, दोन्हीकडची हवा तापायला हवी होती. नंतर फुगे आणि उपग्रह सोडून मोजलं तेव्हा खाली तापलेलं आणि वर थंड झालेलं आढळलं. आधी सांगितलं आणि मग तसंच सापडलं. मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मॉडेल म्हणजे चौकोनांचा हिशोब

मॉडेल म्हणजे संगणकात मांडलेली पृथ्वी. जमीन, समुद्र आणि आकाश यांचे चौकोन पाडायचे, आकाशात एकावर एक थर रचायचे. प्रत्येक खोक्यात तापमान, वारा, दमटपणा, दाब यांचे आकडे भरायचे. मग शाळेत शिकलेलेच नियम लावायचे : गरम हवा वर जाते, पाण्याची वाफ होते, वर गेल्यावर ती थंड होऊन पाणी बनते, जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वारा वाहतो. काही मिनिटांनी काय होईल याचा हिशोब करायचा, त्यावरून पुढच्या काही मिनिटांचा, असं करत करत शंभर वर्षं पुढे जायचं.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की 'जूनमध्ये कोकणात मान्सून येतो' असं मॉडेलला कोणी शिकवत नाही. पृथ्वीचा कल, तापणारी जमीन, समुद्र आणि डोंगर एवढंच दिलं जातं. त्यातून मान्सून आपला आपण उभा राहतो. नाही राहिला तर मॉडेलमध्ये काहीतरी बिघडलं आहे, हे शास्त्रज्ञांना कळतं.

दुसरी परीक्षा मागच्या काळाची. मॉडेल १८५० पासून चालवायचं आणि बघायचं की झालेली तापमानवाढ त्यात दिसते का. नुसता सूर्य आणि ज्वालामुखी घातले तर दिसत नाही. माणसाने सोडलेले वायूही घातले की दिसते.

हे काम फक्त परदेशात चालतं असं नाही. घाट चढून पुण्याला गेलं की पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथे तयार झालेलं मॉडेल हे अशा जागतिक तुलनेत उतरलेलं भारताचं पहिलं मॉडेल. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालासाठी जगभरातली मॉडेलं वापरली गेली, त्यात पुण्याचंही होतं. या संस्थेत २०२४ पासून 'अर्का' नावाचा महासंगणक आहे. सेकंदाला ११,७०० लाख कोटींहून जास्त आकडेमोडी करण्याची त्याची ताकद आहे.

पण पनवेल त्या चौकोनात कुठे?

एवढी ताकद असूनही शतकाचा हिशोब करणाऱ्या बहुतेक मॉडेलमधला एक चौकोन साधारण शंभर ते दोनशे किलोमीटर बाजूचा असतो. म्हणजे पनवेल, उरण, माथेरान, लोणावळा, कदाचित पुणंसुद्धा एकाच चौकोनात. त्या सगळ्याला मिळून एकच उंची आणि एकच पाऊस. माथेरानचा कडा, प्रबळगड, कर्नाळ्याचा सुळका हे मॉडेलच्या लेखी नाहीतच. सह्याद्रीची भिंत त्याला बुटक्या उतारासारखी दिसते.

याने काय होतं ते कळायला २६ जुलै २००५ आठवावा. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला फक्त ७४ मिलिमीटरच्या आसपास. एकाच शहरात एवढा फरक! मोठ्या चौकोनात दोघांची सरासरी होऊन जाते आणि ९४४ गायब होतो.

मग चौकोन लहान का करत नाहीत? खर्च. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, आणि हिशोबाचं पाऊलही निम्म्या वेळाचं घ्यावं लागतं. काम आठपट. रोजच्या अंदाजापुरतं ते परवडतं, कारण तिथे दहाएक दिवसच पुढे जायचं असतं. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टीम'मध्ये चौकोन सहा किलोमीटरचा आहे, त्याआधी बारा किलोमीटरचा होता. शंभर वर्षांसाठी सगळी पृथ्वी सहा किलोमीटरने कापायची तर महासंगणकालाही घाम फुटतो.

ढग तर याहून लहान. एक ढग किलोमीटर-दोन किलोमीटरचा. तो चौकोनात मावतो, पण मॉडेलला दिसत नाही. म्हणून ढगांसाठी शास्त्रज्ञांना अनुभवावरून ठोकताळे घालावे लागतात, आणि प्रत्येक देशाचे ठोकताळे थोडे वेगळे. मॉडेलांमध्ये मतभेद होतात ते बहुतेक इथेच. तापमान वाढणार यावर सगळी मॉडेलं एकमुखी आहेत. मान्सूनचा एकूण पाऊस किती वाढेल यावर नाहीत. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात भारतातला मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि पुढे तो वाढेल असं बहुतेक मॉडेलं सांगतात. हे ऐकून कोणी गोंधळला तर चूक त्याची नाही. घट होण्यामागे धूर आणि धुळीच्या कणांनी जमिनीवर धरलेली सावली हे मोठं कारण असावं, असं तो अहवाल म्हणतो. जमीन कमी तापली की मान्सूनची ओढ कमी होते.

एकूण पाऊस घटला तरी मोठ्या सरी वाढल्या, हे मात्र नोंदींतच आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. त्यात हिंदी महासागराचा उष्ण पट्टा १९५१ ते २०१५ दरम्यान सरासरी एक अंशाने तापला. पुण्याच्या संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणारं बाष्प आहे. आपल्याकडे पाऊस हवा तेव्हा दांडी मारतो आणि आला की झोडपतो, ही तक्रार या हिशोबाशी जुळणारी आहे.

खारघरचा एप्रिल

१६ एप्रिल २०२३. पनवेल तालुक्यातल्याच खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी परिसरात पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. किनाऱ्यावर तो किरकोळ नसतो, कारण हवा दमट असली की घाम सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. हवामान विभागही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात ४० अंश धरतो, किनारपट्टीला ३७.

त्या महिन्यातल्या दमट उष्म्यावर 'वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशन' या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने अभ्यास केला. पद्धत अशी : संगणकात दोन पृथ्वी चालवायच्या. एक आजची, दुसरी माणसाने कार्बन सोडलाच नसता तर जशी असती तशी. दोन्हींत असा एप्रिल किती वेळा येतो ते मोजायचं. भारत-बांगलादेशच्या पट्ट्यात असा दमट उष्मा येण्याची शक्यता हवामान बदलामुळे किमान तीसपट वाढली, असं उत्तर आलं. हा आकडा मोठ्या प्रदेशाचा आहे, खारघरच्या मैदानाचा नाही. आणि कार्यक्रम दुपारच्या उन्हात ठेवायचा की संध्याकाळी, हे मॉडेल ठरवत नाही, माणूस ठरवतो.

इर्शाळवाडी यादीत नव्हती

शेजारच्या खालापूर तालुक्यात, चौकजवळ, इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकूर समाजाची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत. आधीच्या तीन दिवसांत त्या भागात ५०० मिलिमीटरच्या घरात पाऊस झाला होता. वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारने विधानसभेत सांगितलं.

इथे मॉडेलची हद्द संपते. तीन दिवसांत इतका पाऊस ओतण्याचे प्रसंग वाढतील, एवढं ते सांगतं. कुठला डोंगर सुटेल हे सांगत नाही. त्यासाठी उताराची पाहणी लागते, मातीची जाडी बघावी लागते आणि वाडीजवळ पर्जन्यमापक लागतो. राज्यात 'महावेध' योजनेतून महसूल मंडळाला एक याप्रमाणे स्वयंचलित हवामान केंद्रं उभारली आहेत. पण मंडळाचं केंद्र सपाटीला आणि वाडी डोंगरावर असेल तर वाडीवरचा पाऊस त्यात मोजला जात नाही. पीक विम्याच्या वेळी होणारे वादही बरेचसे इथूनच सुरू होतात.

खाडीकडची गोष्ट त्या मानाने सोपी आहे. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला ३.३ मिलिमीटरने वाढली. पंचवीस वर्षांत आठ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं. चार बोटांनी काय होतं, असं वाटेल. पण उधाणाच्या भरतीला गाढी आणि कासाडीचं पाणी खाडीत शिरायला जागा शोधत असतं, त्यात वरून जोराचा पाऊस आला की ते मागे फुगतं. खारबंदिस्तीची उंची आणि रस्त्याखालच्या मोऱ्यांचं तोंड जुन्या नोंदी बघून ठरवलेलं असेल, तर ही चार बोटं नेमकी तिथेच भारी पडतात.

आता पुन्हा त्या ऑरेंज अलर्टकडे. हा इशारा आख्ख्या जिल्ह्याला असतो, आणि रायगड उरणपासून पोलादपूरपर्यंत पसरलेला आहे. तिकडे महाडला पूर आणि इकडे वावंज्यात ऊन, तरी इशारा बरोबरच असू शकतो. लावणीचं ठरवताना उपयोगी पडेल असा अंदाज या दोन टोकांच्या मधे आहे. भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतो. कुठल्या आठवड्यात कोकणात पाऊस सरासरीपेक्षा जास्त आणि कुठल्या आठवड्यात कमी, एवढंच त्यात असतं, तारीख नसते. पहिल्या दोन आठवड्यांवर त्यातल्या त्यात भरवसा ठेवता येतो. शिवाय मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो, तो मराठीतही असतो.