पुराची तयारी उन्हाळ्यात

आपल्या वऱ्हाडात ओरड असते ती पाण्याच्या टंचाईची. त्यामुळे याच मुलखात पूरही येतो, हे आपण विसरून जातो. नदी मात्र आपली वाट विसरत नाही.

अकोल्याची मोर्णा नदी घ्या. वर्षातले बरेच महिने ती नाल्यासारखी दिसते. २०२१ साली २१ जुलैच्या रात्री अकोल्यात मोठा पाऊस झाला. चोवीस तासांत सुमारे २०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ आठ इंच. एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की सरकारी दप्तरात त्याला अतिवृष्टी म्हणतात. हा तर त्याच्या तिप्पट. मोर्णा पात्राबाहेर आली आणि काठच्या वस्त्यांत शिरली.

त्याआधी ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीने मोवाड गाव बुडवले. मोवाड नागपूर जिल्ह्यात आहे, पण अमरावतीच्या वरूड तालुक्यापासून दूर नाही. त्या पुरात २०४ माणसे गेली.

असे का होते? आपली जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पहिला पाऊस ती गटागटा पिते. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचे पाणी मुरत नाही. ते नाल्याकडे धावते. नाल्यात गाळ आणि बेशरमाची झाडे, पुलाच्या मोऱ्यांत कचरा. पाण्याला वाट मिळाली नाही की ते घरात येते. धरण भरले तरी नदी वाढते. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाला १३ दरवाजे आहेत. ते उघडण्याआधी काठच्या गावांना इशारा देतात. तो ऐकताच वावरातली माणसे आणि ढोरे वर आणावीत.

घरचे काम आधी सांगतो. मागच्या पुराचे पाणी कुठवर आले होते, तिथे भिंतीवर खूण करा. धान्य आणि बियाणे त्या खुणेच्या वर ठेवा. रेशनकार्ड, आधार, सातबारा, पासबुक एका प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. पाणी चढू लागले की विजेचे मेन स्विच बंद करा. ढोरांची दावी सोडा. पुलावरून पाणी वाहत असेल तर अलीकडेच थांबा. गुडघाभर वाहते पाणीही माणसाचे पाय उचलते.

आता सरकारचे काम. नदीकाठी दोन पूररेषा आखतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती तांबडी रेषा. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला मनाई असते. दोन रेषांच्या मधे बंधने पाळून बांधता येते. पण एकदा पूर आला म्हणजे पुढची २५ वर्षे निश्चिंती, असे समजू नका. तो लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकतो. म्हणून प्लॉट घेण्याआधी विचारा, "ही जागा रेषेच्या आत आहे का?" विकणारा सांगणार नाही, कचेरीत विचारावे लागते.

"गुरुजी, सरकार काही करत नाही," असे लोक म्हणतात. मी विचारतो, "लिहून दिले होते का?" बहुतेक वेळा फक्त तोंडी सांगितलेले असते. तोंडी बोलण्याला आवक क्रमांक मिळत नाही. अर्ज असा असावा :

"आमच्या वस्तीत नाल्याकाठी २२ घरे आहेत. शाळेजवळच्या पुलाच्या तीन मोऱ्यांपैकी दोन बुजल्या आहेत. मागच्या वर्षी ९ घरांत पाणी आले. पावसाळ्यापूर्वी मोऱ्या साफ करून द्याव्यात, ही विनंती."

अर्जात जागा, आकडा, काम आणि मुदत या चारही गोष्टी आहेत. खाली सर्वांच्या सह्या घ्या. गावात अर्ज ग्रामपंचायतीला द्या, शहरात महानगरपालिकेला. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. २००५ च्या कायद्याने जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाचे प्रमुख तेच आहेत. आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. काम झाले नाही तर लोकशाही दिनात तक्रार मांडता येते. तो जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. प्रत्यक्ष संकटाच्या वेळी १०७७ या क्रमांकावर फोन करा.

पूर ओसरल्यावर तलाठी पंचनामा करायला येतात. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. घर झाडण्याआधी फोटो काढून ठेवा. पडलेली भिंत, भिजलेले धान्य, वाहून गेलेली ढोरे, सर्व दाखवा. मग पंचनामा स्वतः वाचा. दोन बकऱ्या गेल्या आणि कागदावर एकच असेल, तर तिथेच दुरुस्त करून घ्या. भरपाई कागदावर असेल तेवढ्याचीच मिळते.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. आजवर अंगठा उठवताना जे विचारता येत नव्हते, ते आता सही करण्यापूर्वी विचारा. आणि अर्ज मृग लागण्याची वाट न पाहता एप्रिलातच द्या. मोरी साफ करायलाही दिवस लागतात.