शेजार मोडू नये म्हणून

आमचे आजोबा वसईचे. आई लग्नानंतर हैदराबादला आली, तेव्हापासून आजोबा तिला पत्रं लिहायचे. ती आजही कुकटपल्लीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बिस्किटांच्या डब्यात आहेत. माझा धाकटा भाऊ इथेच वाढला. खाली खेळताना तेलुगू, शाळेत इंग्रजी, मराठी घरात बोलण्यापुरती. त्याला पत्रं वाचता यावीत म्हणून मी पाच पत्रं टाइप केली, अनुवाद केला आणि एक वेब पान बनवलं. डावीकडे आजोबांचं मराठी, उजवीकडे माझं इंग्रजी.

कल्पना माझी नाही. ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा त्यात एक स्तंभ मराठी आणि एक इंग्रजी असे. नजर आडवी सरकवली की दुसरी भाषा. पण छापखान्याला एक सुख होतं : कागद आकसत नाही. ब्राउझरची खिडकी आकसते.

माझ्या लॅपटॉपवर सगळं छान होतं. भावाने मोबाइलवर उघडलं, तर अख्खं इंग्रजी मराठीच्या खाली जाऊन पडलेलं. त्याने काय केलं? सरळ खाली स्क्रोल करून फक्त इंग्रजी वाचलं. आजोबांचा एक शब्दही नाही! तेव्हा हे नुसतं मांडणीचं प्रकरण राहिलं नाही.

स्तंभ खाली का पडतो? हिशेब साधा आहे. मी दोन्ही स्तंभ फ्लोट करून प्रत्येकी ४८ टक्के रुंदी दिली होती आणि आत दोन्ही बाजूंना १० पिक्सेलचं पॅडिंग. नेहमीच्या नियमाने पॅडिंग रुंदीच्या बाहेर मोजलं जातं. म्हणजे १२०० पिक्सेलच्या पानावर ११५२ अधिक ४०, एकूण ११९२. मावलं. ८०० च्या पानावर ७६८ अधिक ४०, एकूण ८०८. आठ पिक्सेल जास्त! टक्के खिडकीबरोबर लहान होतात, पॅडिंग होत नाही. मग ब्राउझर दुसऱ्या स्तंभाला खालची जागा दाखवतो.

पहिला उपाय एका ओळीचा : बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स ही किंमत द्यायची. मग पॅडिंग त्या ४८ टक्क्यांतच धरलं जातं आणि बेरीज कधीच शंभरावर जात नाही.

दुसरा उपाय ग्रिडचा. २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत तो चालतो. दोन समान स्तंभ सांगितले की कितीही खिडकी लहान करा, दुसरा खाली पडत नाही. एकच मेख आहे. नुसतं १ एफआर लिहिलं, तर स्तंभ आपल्या सर्वांत लांब शब्दापेक्षा बारीक व्हायला तयार होत नाही, आणि मजकूर पानाबाहेर डोकावतो. म्हणून मिनमॅक्स वापरून किमान रुंदी शून्य सांगायची आणि लांब शब्द तोडायची परवानगी द्यायची.

एवढं करून मी खूश झाले. पण ३६० पिक्सेलच्या मोबाइलवर एका ओळीत जेमतेम दोन-तीन शब्द! शेजार टिकला, पण वाचणाऱ्याचा जीव गेला.

तेव्हा लक्षात आलं, की जपायचे आहेत ते स्तंभ नव्हेत, जोड्या. मी अख्खं पत्र एका डब्यात कोंबलं होतं, तीच चूक. आता प्रत्येक परिच्छेद वेगळा केला : आधी मराठी, लगेच त्याचं इंग्रजी, मग पुढचा मराठी. रुंद पडद्यावर ग्रिड त्यांना एका रांगेत समोरासमोर बसवतो. एक परिच्छेद लांब, दुसरा आखूड असला तरी पुढची जोडी एकाच रेषेत सुरू होते. ६०० पिक्सेलच्या खाली मीडिया क्वेरी लावून एकच स्तंभ ठेवला. तिथे इंग्रजी खालीच येतं, पण आपल्याच मराठीच्या लगेच खाली. इंग्रजीकडे जायला आजोबांवरूनच जावं लागतं.

तुम्ही कविता आणि तिचा अनुवाद वेबवर टाकणार असाल, तर खिडकी हाताने लहान करून आधी बघाच.

परवा भाऊ मोबाइल घेऊन आला. म्हणाला, "ताई, 'आबाळ' म्हणजे काय गं? तू इंग्रजीत नीट नाही लिहिलंयस."

खरंच नव्हतं लिहिलं. बदलतेय.