डीजे : यंत्र की माणूस?
(द्वितीय वर्ष कला)

‘डीजे’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? पिकअप गाडीवर रचलेली बॉक्सची भिंत, मागे धडधडणारा जनरेटर, लाल-निळे लाइट आणि पुढे नाचणारी वऱ्हाडी पोरे. ‘डीजे आला’, ‘डीजे लावला’, ‘पोलिसांनी डीजे बंद केला’ असेच आपण बोलतो. आपल्याकडे डीजे हे एका यंत्राचे नाव होऊन बसले आहे. वास्तविक ते माणसाचे नाव आहे. ‘डिस्क’ म्हणजे गाण्याची तबकडी आणि ‘जॉकी’ म्हणजे घोडेस्वार. तबकडीवर स्वार होऊन तिला हवी तशी पळविणारा तो डिस्क जॉकी. आपण घोडा ठेवला आणि स्वाराला विसरलो. या विसरलेल्या स्वाराविषयी, आणि त्याच्या धंद्यात सुशिक्षित तरुणाला काही भवितव्य आहे काय याविषयी, थोडे लिहावे असे मनात आले.

याला एक घरगुती कारण आहे. मी पाथर्डी तालुक्यातला. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मीच पहिला. गेल्या दोन लग्नसराईंत गावातल्या एका साउंडवाल्याच्या हाताखाली मी काम केले. आधी बॉक्स उचलणे, मग वायरी जोडणे आणि शेवटी लॅपटॉपवर बसणे अशी बढती मिळाली. रात्रीचे पाचशे रुपये मिळत. एके पहाटे घरी आलो तेव्हा वडील ओट्यावर बसले होते. ते एवढेच म्हणाले, “आरं, पोती उचलायची ती मी उचलली. तू बॉक्स उचलाया कालिजात गेलास व्हय?” मला उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे असे समजावे.

क्लबमध्ये हिप-हॉप वाजविणाऱ्या डीजेची कला जन्मली ती गरिबांच्या वस्तीत. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने, सिंडी कॅम्पबेलने, पार्टी ठेवली. शाळा सुरू होणार होती आणि नव्या कपड्यांना पैसे हवे होते. मुलींना पंचवीस सेंट व मुलांना पन्नास सेंट असे तिकीट होते. गाणी वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता. लोक त्याला कूल हर्क म्हणत. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता, म्हणजे आज माझ्यापेक्षाही एक वर्षाने लहान! हे कुटुंब जमैका बेटावरून आलेले. तिथे मोठमोठे कर्णे व बॉक्स भररस्त्यात मांडून गाणी वाजविण्याची जुनी रीत होती. तेव्हा आपल्या मिरवणुकीच्या गाडीचे या घराण्याशी दूरचे नाते आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

हर्कने नाचणाऱ्यांकडे नीट पाहिले होते. गाण्यात मध्येच गाणारे थांबतात आणि नुसता ढोल-ड्रम चालतो, त्या तुकड्याला ‘ब्रेक’ म्हणतात. पोरे नेमकी त्याचीच वाट पाहतात हे त्याच्या ध्यानात आले. पण तो तुकडा काही क्षणांतच संपे. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. काही क्षणांचा तुकडा असा कितीही लांबविता येऊ लागला. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश याने त्यात शास्त्र आणले. व्यवसाय-शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला हा मुलगा तबकडीवर खडूने खुणा करी आणि पुढची तबकडी आधी फक्त आपल्या कानाला ऐकू यावी अशी जोडणी त्याने करून घेतली. गर्दी एक गाणे ऐकते, त्याच वेळी डीजे हेडफोनमधून पुढचे ऐकत असतो. आजही सारा धंदा याच युक्तीवर उभा आहे. रॅप म्हणणारा गडी आरंभी डीजेचा साथीदार होता. तो पुढे आला आणि डीजे मागे सरला, ही नंतरची गोष्ट.

आता या कलेत शिकण्यासारखे काय आहे ते पाहू. पहिली गोष्ट गणती. बहुतेक हिप-हॉप गाणी चार-चारच्या मोजणीत बांधलेली असतात. माझे आजोबा भजनात मृदंग वाजवत. भजनी ठेका आठ मात्रांचा आणि पहिली मात्रा ती सम. मला लहानपणी मांडीवर बसवून ते बोटांवर मात्रा मोजायला लावीत. लॅपटॉपवर बसलो तेव्हा कळले की इथेही तेच आहे. नवे गाणे आणायचे ते समेवर! सम चुकली की नाचणाऱ्याचा पाय अडखळतो, मग त्याला ताल-मात्रा कळो वा न कळो.

दुसरी गोष्ट वेग जुळविणे. गाण्याचा वेग मिनिटाला किती ठोके यावर मोजतात. हिप-हॉप बहुधा ८५ ते १००च्या आसपास चालते, तर ‘हाउस’ नावाचे क्लबचे संगीत १२०च्या पुढे पळते. समजा, चालू गाणे ९६ ठोक्यांचे आहे आणि पुढचे १०० ठोक्यांचे. तर पहिल्याचा वेग सुमारे चार टक्के वाढवावा, दोन्हींच्या समा एकावर एक बसवाव्यात, मग एकाचा बेस उतरवीत दुसऱ्याचा चढवावा. दोन्ही बेस एकदम वाजले तर नुसता चिखल होतो. आजकाल ही जुळवणी संगणक करून देतो. पण कान तयार नसेल तर संगणकाची चूकही ओळखता येत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, ती म्हणजे माणसे वाचणे. शेजारच्या गावी हळदीला गेलो असताना मालक जेवायला उठले आणि यंत्र माझ्या हाती आले. पोरे ‘वाढव, वाढव’ म्हणून ओरडत होती. भिंतीकडेला मात्र बायका कानांवर पदर धरून बसल्या होत्या. मी आवाज कमी केला आणि हलगीच्या ठेक्यावरचे एक जुने गाणे जोडले. पहिल्या खेपेस सम चुकली, पोरांनी शिट्या मारल्या, मला घाम फुटला. दुसऱ्या खेपेस जमले. आधी नवरदेवाची आत्या उठली, मग तिने साऱ्या जावा-नणंदा उठवल्या. त्या रात्री आवाज निम्मा होता आणि नाचणारे दुप्पट. बॉक्सच्या भिंतीने हे काम झाले नसते.

क्लबमधल्या डीजेचे जीवन याच पायऱ्यांनी चढते. आरंभी कोणी मुख्य वेळ देत नाही. दालन रिकामे असते तेव्हा पहिला तास वाजवायला मिळतो. गाजलेली गाणी मागच्यासाठी राखून ठेवून माणसांना हळूहळू तापवीत न्यायचे, हा त्या तासाचा धर्म. हे जमले तर आठवड्यातील एक ठरावीक रात्र मिळते. याखेरीज आज रॅप गायकांबरोबर मंचावर उभे राहण्याचीही वाट आहे. डिव्हाइन आणि नेझी यांचे ‘मेरे गली में’ २०१५ साली आले, ‘गली बॉय’ चित्रपट २०१९ मध्ये, आणि पुण्याच्या वस्तीतून आलेला एमसी स्टॅन २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला. गायक आला की त्याच्यामागे ठेका धरणारा लागतोच. तिसरी वाट स्वतःचे संगीत करण्याची. क्रेटेक्स या नावाने वाजविणाऱ्या मराठी डीजेने श्रेयस या रॅपरसह केलेले ‘तांबडी चामडी’ हे मराठी गाणे २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्स या कंपनीने काढले. आपली भाषा या धंद्यात आडवी येत नाही, उलट ओळख देते, हा त्यातला धडा.

परंतु एकच बाजू सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लग्नसराई संपली की सुपाऱ्या थांबतात. रात्रीचे जागरण आणि दारूचा शेजार हे तर रोजचेच. क्लबमध्ये ध्वनिमुद्रणे वाजवायला परवाना लागतो. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यात लग्नाची वरात आणि धार्मिक विधी यांना सूट आहे, क्लबला नाही. आणि मोठा धोका कानाला. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसावा, त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करावी, असा सुरक्षिततेचा एक प्रचलित हिशेब आहे. त्याप्रमाणे १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात! एका मिरवणुकीनंतर माझ्या कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती. वर्गात सर काय सांगतात ते पहिल्या बाकावरूनही स्पष्ट ऐकू येईना. तेव्हापासून खिशात कानात घालायचे बोळे असतात. ज्याच्या कानावर पोट चालणार त्यानेच कान फुकट घालवावा, यापरते नुकसान कोणते?

कायदाही याच बाजूचा आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५च्या निकालात शांततेने जगण्याचा नागरिकाचा हक्क उचलून धरला. गाडीवाल्यांना हा कायदा शत्रू वाटतो. मला वाटते, ज्याच्याकडे नुसता आवाज आहे त्याचाच धंदा या नियमाने बुडेल. ज्याच्याकडे हात आणि कान आहे त्याचे काय बिघडणार?

मित्रहो, मी पदवी पूर्ण करणारच. पण फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर रोज एक तास हात बसवतो, आणि हाताखालच्या कमाईतून एक जुना कंट्रोलर घेण्यासाठी पैसे बाजूला टाकतो आहे. परवा वडिलांना हेडफोन लावून दोन गाणी एकात एक कशी मिसळतात ते ऐकविले. मिसळण्याची जागा त्यांना सापडली नाही. “दुसरं कवा सुरू झालं?” त्यांनी विचारले. मी पुन्हा लावले. या खेपेस ते बोटांवर मात्रा मोजू लागले, आजोबा मोजायचे तशाच.