वनस्पतींचे अहोरात्र श्वसन

वनस्पती केवळ रात्री श्वसन करतात, हा समज सार्वत्रिक असला तरी यथार्थ नव्हे. श्वसन (प्राणवायूच्या साहाय्याने शर्करेचे विघटन करून ऊर्जा मिळविणे) त्यांच्या जिवंत पेशींत अहोरात्र चालते. प्रकाशसंश्लेषण (प्रकाशात कर्बवायू व पाणी यांपासून शर्करा बनविणे) मात्र हरितद्रव्य असलेल्या भागांत, प्रकाश असेतोवरच होते. ज्या दुकानाची जमा खर्चाहून भारी, त्याच्या खातेवहीत अखेरीस शिल्लकच नजरेत भरते, म्हणून तेथे खर्चच नाही असे कोणी म्हणत नाही. तद्वत् भर उन्हात श्वसनातून निघणारा कर्बवायू पानातच वापरला जाऊन बाहेर प्राणवायू तेवढा पडतो. मोड आलेली मटकी चुन्याच्या निवळीच्या वाटीसह बरणीत घट्ट झाकून ठेवल्यास, दिवसाढवळ्याही श्वसनातून निघालेल्या कर्बवायूने ती निवळी दुधाळ होते.