पारावरून मंचावर

यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरलं. 1973 साली अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर, 2019 साली अरुणा ढेरे. मधल्या 46 वर्षांत या जिल्ह्याची गोष्ट कोणी सांगितली आणि कोणत्या बोलीत सांगितली, याचा माग काढायला बसलं की संमेलनाच्या मांडवात फार काळ थांबता येत नाही.

1973 म्हणजे दुष्काळाचं साल. मुख्यमंत्री याच जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक आणि संमेलनाचे अध्यक्ष माणदेशातले. कोरडी जमीन म्हणजे काय, हे माडगूळकरांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. कथाकथनही तेव्हा भरात होतं. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी साठच्या दशकात गोष्ट पुस्तकातून उचलून मंचावर आणली होती. मात्र त्या मंचावरचं खेडं कोल्हापूर-सांगली-पंढरपूरकडचं. आमच्याकडचा माणूस ते ऐकून पोट धरून हसायचा, पण गोष्टीतलं गाव काही त्याचं नसायचं. वऱ्हाडी घरात चालायची, वावरात चालायची. माईकसमोर उभं राहिलं की जीभ आपोआप पुण्याकडे वळायची.

गोष्टींचा तोटा होता असं मात्र नाही. 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि हंगामात खरेदी केंद्रांसमोर बंड्यांच्या रांगा लागू लागल्या. माप होईपर्यंत कास्तकाराला बंडीखालीच रात्र काढावी लागे. अशा रात्री बोलण्याशिवाय दुसरं करणार काय? यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला ही दुसरी बैठक. 113 किलोमीटरचा अरुंद रूळमार्ग, 1994 पर्यंत वाफेचं इंजिन, आणि चाल अशी की दारव्हा येईस्तोवर एखाद्याच्या सोयरिकीची अथपासून इतिपर्यंत हकिगत आटपावी. शिवाय गाडगेबाबांच्या कीर्तनाची सवय सगळ्या वऱ्हाडाला होतीच. बाबा प्रश्न टाकायचे, उत्तर समोरच्या लोकांतून यायचं. ऐकणारा गप्प बसला तर कीर्तन पुढे सरकायचंच नाही. वऱ्हाडी गोष्टीची घडण मला याच सवाल-जबाबात दिसते. ती एकट्यानं सांगायची नसतेच, समोरून ‘मंग?’ आलं की ती पुढचं पाऊल टाकते.

हा ‘मंग?’ मंचावर आणला शंकर बडे यांनी. 1947 साली बोरी अरबला जन्मलेल्या बडेंचे ‘इरवा’, ‘सगुन’, ‘मुगुट’ हे वऱ्हाडी कवितासंग्रह आहेत, पण विदर्भातल्या गावोगावच्या लोकांना ते ठाऊक झाले ‘बॅरिस्टर गुलब्या’ या एकपात्री प्रयोगामुळे. एक माणूस, एक बोली, आणि समोर ती बोली घरी बोलणारे लोक. नुसतं हसवणं त्यांना सहज जमलं असतं. पण हशा ओसरायच्या आत पावसानं बुडवलेल्या कास्तकाराची कविता यायची आणि मघाशी टाळ्या देणारे हात मांडीवर पडून राहायचे. लिहिणाऱ्याला स्फूर्ती कुठून मिळते, या प्रश्नावर पुष्कळ उदात्त बोललं जातं; बडेंकडे पाहिलं की वाटतं, माणसांत बसून कान उघडे ठेवले तर निम्मं काम तिथंच होतं. उरलेलं निम्मं अवघड. ऐकलेलं जसंच्या तसं ओतायचं नाही आणि त्याला इस्त्रीही करायची नाही.

नेर तालुक्यातल्या धनज माणिकवाड्याचे मिर्झा रफी अहमद बेग याच वाटेवरचे. ‘मिर्झा एक्सप्रेस’नं वऱ्हाडी हास्यकविता गावोगाव पोचवली. या लोकप्रियतेची दुसरी बाजूही सांगायला हवी. वऱ्हाडी म्हणजे हसायचं, असा समज पुढे पक्का झाला. टीव्हीवरचा वऱ्हाडी माणूस तोंड उघडतो तोच मुळी विनोद करायला. याचा दोष बडे किंवा मिर्झांचा नाही. त्यांच्या अनुकरणात कविता गळाली आणि हेल तेवढा उरला.

दरम्यान जिल्ह्याची दुसरी गोष्ट वाढत होती. चिलगव्हाणचे साहेबराव करपे भजनात रमणारे कास्तकार. 19 मार्च 1986 रोजी पत्नी आणि चार लेकरांसह त्यांनी जीवन संपवलं. पुढच्या काळात यवतमाळचं नाव देशभर गेलं ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. बाहेरून पत्रकार आले, अभ्यासक आले, कॅमेरे आले. विधवांनी ओसरीवर बसून तेच ते सांगितलं आणि ते भलत्यांच्या नावानं छापून आलं.

बडे 1 सप्टेंबर 2016 रोजी गेले. घरच्या मांडवातलं दुसरं संमेलन त्यांना पाहायला मिळालं नाही, आणि एका परीनं बरंच झालं म्हणायचं. उद्घाटनासाठी बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, अनेक साहित्यिकांनी पाठ फिरवली आणि साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. त्या गदारोळात 11 जानेवारी 2019 रोजी उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. त्यांच्या पतीनं 2011 मध्ये आत्महत्या केली होती. नामुष्की झाकायला आयोजकांनी ही वाट काढली, ही टीका मला अजूनही खोटी वाटत नाही. पण माईक हाती आल्यावर त्यांनी तो नीट वापरला. दया न मागता, आपल्या बोलीत, एकट्या बाईला जगताना काय काय सोसावं लागतं ते त्यांनी सांगितलं.

त्यांना मंच नवा नव्हता. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नीच काम करतात, त्यांत वैशालीताई होत्या. जिच्यावर बेतलं तीच बोलते, असं हे नाटक. त्याच वर्षी त्या लोकसभेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि हरल्या. ‘तेरवं’ची संहिता मात्र पेठकरांची आहे. राजूरच्या बाईनं स्वतः लिहिलेली, तिच्याच नावानं छापलेली गोष्ट वाचायला मिळेल तेव्हा यवतमाळात तिसरं संमेलन भरो न भरो, मला फारसा फरक पडणार नाही.