चिखलातलं पाऊल आणि फ्रूड नंबर

फ्लुइड मेकॅनिक्सच्या व्हायवाला सरांनी विचारलं, "फ्रूड नंबर म्हणजे काय?" व्याख्या मी घडाघडा म्हटली. "मग त्याचा उपयोग काय?" इथे माझी दांडी गुल! उत्तर मिळालं ते सुट्टीत, आणि तेसुद्धा डायनोसॉरच्या पायाखाली.

अमेरिकेत टेक्सासमधल्या ग्लेन रोझ गावाजवळ पॅलक्सी नदीच्या पात्रात डायनोसॉरची पावलं आहेत. सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्राचा किनारा होता. चुन्याच्या ओल्या चिखलात पावलं उमटली, चिखल घट्ट झाला, वर दुसरा गाळ बसला आणि सगळ्याचा खडक झाला. पुढे नदीने वरचे थर झिजवले आणि पावलं उघडी पडली.

हाडं मेलेल्या प्राण्याची मिळतात, पाऊल मात्र जिवंत प्राण्याचंच! तो कसा चालला, हे त्यात लिहिलेलं असतं. पण वेग? तिथे स्टॉपवॉच घेऊन कोण उभं होतं?

इथे आपला फ्रूड कामाला येतो. विल्यम फ्रूड हा एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश इंजिनिअर. छोट्या मॉडेलवरून मोठ्या जहाजाचा अंदाज बांधायचा, तर दोघांचा फ्रूड नंबर सारखा ठेवायचा, ही त्याची युक्ती. चालण्यातही गुरुत्वाकर्षण असतंच. म्हणून १९७६ मध्ये लीड्स विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ मॅकनील अलेक्झांडर यांनी हीच युक्ती पायांना लावली. माणूस, घोडा अशा आजच्या प्राण्यांवरून त्यांनी सूत्र बसवलं. त्यात दोनच मापं लागतात: कमरेपर्यंतची उंची (पावलाच्या लांबीच्या साधारण चौपट) आणि त्याच पायाच्या दोन ठशांमधलं अंतर.

समजा, पाऊल अर्ध्या मीटरचं, म्हणजे उंची २ मीटर, आणि अंतर ३ मीटर. सूत्रात घातलं की वेग येतो सेकंदाला सुमारे २.२ मीटर, म्हणजे ताशी ८ किलोमीटर. अंतर उंचीच्या दुपटीहून कमी, म्हणजे स्वारी धावत नव्हती, चालत होती. अलेक्झांडर यांनी तपासलेल्या ठशांचे वेगही सेकंदाला १ ते ३.६ मीटरच आले. सिनेमातल्यासारखी जीपमागे पळापळ नाही! अर्थात हा अंदाजच. चिखल किती मऊ होता, त्यावरही ठसा बदलतो. आणि चिखलात जोरात धावणार तरी कोण?

सर, व्हायवा पुन्हा घेणार का? आता उपयोग सांगते!