चिखलाचं चाक डांबरावर

पोकलेन डांबरी रस्ता ओलांडते तेव्हा दोन पोरं तिच्या पुढेमागे पळत असतात. राजुऱ्याहून सास्तीच्या कोळसा खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे दृश्य मी कितीदा पाहिलं आहे. ट्रकचे जुने, घासून गुळगुळीत झालेले टायर रस्त्यावर आडवे टाकायचे, लोखंडी चेन त्यांच्यावर अलगद चढू द्यायची, आणि मागचा टायर मोकळा झाला की तो उचलून धावत पुढे आणून टाकायचा. वीसेक फुटांचा रस्ता पार व्हायला दहा मिनिटं जातात. दोन्ही बाजूंना ट्रक खोळंबतात, हॉर्न वाजतात, पोरं घामाघूम होतात. पण पोकलेन पलीकडच्या मातीत उतरते तेव्हा डांबरावर ओरखडाही नसतो.

ही दहा मिनिटं मला फार मोलाची वाटतात. का, ते केजव्हीलबद्दल सांगितल्याशिवाय कळणार नाही.

राजुरा म्हणजे वर्धा नदीच्या अलीकडचा काळ्या मातीचा मुलूख. इथे शेतात कापूस, सोयाबीन, तूर. धानाचं खरं राज्य पूर्वेला. मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी आणि वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. माझी सासुरवाडी मूलकडची, म्हणून आषाढ-श्रावणात त्या बाजूला दरवर्षी जाणं होतं. रोवणीच्या दिवसांत बांध्या पाण्याने भरलेल्या, पऱ्ह्यांच्या पेंढ्या धुऱ्यावर मांडलेल्या, आणि त्या पाण्यात ट्रॅक्टर फिरतो आहे. मागच्या बाजूला टायर नाहीतच. त्यांच्या जागी लोखंडी पिंजरा फिरतो आहे.

हेच केजव्हील. दोन-तीन लोखंडी कड्या, त्यांना जोडणारे आडवे अँगल, मधोमध ट्रॅक्टरच्या हबला बसणारी तबकडी. तालुक्याच्या गावी वेल्डिंगच्या दुकानातही ते बनवून मिळतं. दिसायला ओबडधोबड, पण त्यामागची अक्कल बारीक आहे. रबरी टायर चिखलात गेला की त्याच्या खाचा चिखलाने बुजतात, टायर गुळगुळीत होतो आणि जागच्या जागी फिरत राहतो. जितका फिरेल तितका खोल जातो. पिंजऱ्यात बुजायला काही नाही. चिखल अँगलमधून आत येतो, तसाच गळून जातो. लोखंडाची धार खालच्या घट्ट थरापर्यंत पोचते आणि तिथे पाय रोवते. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने बांधीच्या तळाशी हा थर तयार झालेला असतो. धानाचं पाणी जिरू न देता धरून ठेवतो तोच. म्हणजे ट्रॅक्टर चिखलावर चालत नाही, चिखलातून खाली हात घालून तळ पकडत चालतो. आणि चालता चालता माती कालवण्याचं कामही चाकच करतं.

बांधीत इतकं शहाणं असलेलं हे चाक डांबरावर आलं की घात करतं.

साधा हिशेब करून पाहा. दोन टनांच्या आसपासचा ट्रॅक्टर, त्याचा निम्म्याहून जास्त भार मागच्या चाकांवर. एका चाकावर सहाशे किलो धरू. रबरी टायर दबतो, पसरतो, आणि जेवणाच्या ताटाएवढ्या जागेवर तो भार वाटून देतो. दर चौरस सेंटिमीटरला किलोभर वजन येतं. केजव्हील दबत नाही. ते अँगलच्या एका कडेवर उभं राहतं. कड अर्धा सेंटिमीटर जाड आणि हातभर लांब धरली, तरी तोच भार वीस-पंचवीस पट तीव्रतेने उतरतो. शिवाय तो एकसारखा उतरत नाही, दर अँगलला ठोका देत उतरतो. खेड्यांकडे जाणाऱ्या कित्येक रस्त्यांवर खडी-डांबराचा वरचा थर जेमतेम २० मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या पेराएवढा. पहिल्या दिवशी नुसत्या पांढऱ्या रेघा दिसतात, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. मग त्या रेघांत पावसाचं पाणी शिरतं, खडीला चिकटलेलं डांबर सुटतं, आणि दिवाळीपर्यंत तिथे खड्डा असतो. शाळेची पोरं सायकल घेऊन त्यातून जातात, बाळंतीण त्यातूनच दवाखान्यात जाते. चालवणाऱ्यालाही हा प्रवास सुखाचा नाही. ओल्या डांबरावर लोखंड धरत नाही, ब्रेक दाबला तरी घसरतं, आणि अंगाची हाडं खिळखिळी होतात.

जमिनीच्या एकाच रूपासाठी घडवलेलं यंत्र दुसऱ्या रूपावर आलं की काय होतं, याचं अगदी टोकाचं उदाहरण बर्फाच्या मुलखात आहे. गुलमर्ग किंवा सोलंगला जाऊन आलेल्यांनी स्नो स्कूटर पाहिली असेल. पट्ट्यावर चालणारी ही छोटी बर्फगाडी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए यांनी १९५९ साली स्की-डू नावाने बाजारात आणली. तिचीच धाकटी बहीण म्हणजे स्नो बाइक. साधी मोटारसायकल घ्यायची, पुढचं चाक काढून तिथे स्की लावायची, मागचं काढून रबरी पट्टा. हा पट्टा ज्या रुळांवरून घसरतो त्यांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, आणि त्यांना वेगळं वंगण नसतं. बर्फच वंगण. उडणारा बर्फ रुळांवर पडतो, त्यांना थंड ठेवतो, निसरडं ठेवतो. हीच गाडी कोरड्या रस्त्यावर चालवा. थोड्याच अंतरात प्लॅस्टिक तापतं, मऊ होतं, घासून जातं. खाली स्कीचं पोलादही डांबरावर खरडत झिजतं. म्हणून ती गाडी ट्रेलरवर चढवून बर्फाच्या काठापर्यंत नेतात. तरी वसंतात बर्फ वितळायला लागला की वाटेत उघड्या रस्त्याचे तुकडे लागतातच, आणि दर तुकड्यापाशी उतरून विचार करावा लागतो.

फरक इतकाच, की स्नो बाइक रस्त्यावर आली तर जास्त नुकसान गाडीचं, म्हणून मालक आपणहून जपतो. केजव्हील रस्त्यावर आलं तर चाकाला काही होत नाही. जातो तो रस्ता, आणि रस्त्याला मालक नसतो.

हा पेच ट्रॅक्टरबरोबर आलेला नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असायची. धाव चढवणं हा लोहार आणि सुतार दोघांचा सोहळा असे. गोवऱ्यांच्या जाळात कडं लालभडक करायचं, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायचं आणि वरून पाणी ओतायचं. वाफेच्या लोटात लोखंड आकसायचं आणि आरे, पाटे सगळे कडाकडा आवळून घ्यायचं. ती धावही डांबर कापायची, पण बैलगाडी रस्त्याच्या कडेच्या मातीतून चालायची. बैलांच्या खुरांनाही मातीच बरी. पुढे रबरी चाकांची गाडी आली आणि तिला लोक डनलॉप गाडीच म्हणू लागले. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली बेलफास्टला आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला होता, त्यांचं नाव आमच्या गोठ्यापर्यंत आलं.

मग ट्रॅक्टरवाला चाकं बदलत का नाही? त्याला बेपर्वा म्हणणं सोपं आहे, आणि ते मला पटत नाही. मी मूलकडच्या एका चालकाला चाक बदलताना पूर्ण वेळ बसून पाहिलं. धुरा ओला, जॅक खाली रुतत होता, म्हणून आधी फळी शोधली. एका चाकाचे आठ नट, त्यातले दोन गंजून घट्ट. पान्याला पाइप लावून दोघे त्यावर उभे राहिले तेव्हा सुटले. वजनासाठी मागच्या टायरमध्ये पाणी भरलेलं असतं, शंभर लिटरहून जास्त. तो टायर आडवा पडला तर उभा करायला चार माणसं लागतात. दोन्ही चाकं बदलेस्तोवर तासाच्या वर गेला. त्याचं भाडं तासावर, आणि पुढच्या बांधीवर बाया रोवणीला आलेल्या, त्यांची मजुरी सुरू झालेली. पाऊस उघडला तर बांधीतलं पाणी उतरणार. असा तास कोणाच्या हिशेबात बसवायचा?

तरी वाटा आहेत. अर्धं केजव्हील टायर न काढताच त्याच्या बाहेरच्या बाजूला बसतं. त्याचा घेर टायरपेक्षा थोडा कमी ठेवला की कठीण रस्त्यावर भार टायरवर राहतो आणि चिखलात रुतल्यावर लोखंड कामाला येतं. खोल बांधीत ते पुरं पडत नाही, ही त्याची मर्यादा. पंजाबातून येणारे हार्वेस्टर आपल्या चाकांवर शेकडो किलोमीटर येतात, तेव्हा पुढचं रुंद कटर काढून मागे गाड्यावर बांधून आणतात. शेतात पोचल्यावर जोडतात. चेनवाले हार्वेस्टर तर ट्रकवर बसूनच येतात. वाटेचा खर्च त्यांनी धंद्यात धरलेला असतो. आमच्याकडे चिखलणीचा दर ठरवताना चाकबदलीचा तास कोणी धरत नाही. तो धरायला हवा, आणि शेतकऱ्याने तो द्यायलाही हवा, कारण उद्या खरेदी केंद्रावर धानाची पोती त्याच रस्त्याने जाणार आहेत.

सासुरवाडीच्या गावात आता एक पद्धत पडली आहे. एका शिवारातल्या सगळ्या बांध्या ओळीने करायच्या, तोवर ट्रॅक्टर शिवारातच मुक्कामाला. टायर मोहाच्या झाडाखाली ताडपत्री टाकून ठेवलेले. डिझेलच्या कॅन मोटारसायकलवरून येतात, चालक रात्री घरी जातो. शिवार संपलं की एकदाच चाकं बदलायची आणि केजव्हील ट्रॉलीत टाकून पुढच्या शिवारात न्यायचं.

पोळ्याच्या सुमाराला रोवणी आटोपते. मामंजींच्या शेजाऱ्यांनी यंदा केजव्हील नहरावर नेऊन घासून धुतलं, अँगलच्या सांध्यांत अडकलेली माती खराट्याच्या काडीने काढली, जळकं ऑइल फासलं आणि दोन्ही पिंजरे गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवले. मी निघालो तेव्हा दोडक्याचा वेल एका कडीवर चढला होता.